पेल्यातलं गोठलेलं तेल
सोया वॅक्सची मेणबत्ती घरी करताना काय घडतं, आणि का

मेण एकाच पिशवीतलं, पेले एकाच खोक्यातले, वाती एकाच गठ्ठ्यातल्या आणि सुगंधी तेलाची बाटलीही तीच. रात्री चार पेले ओतून ठेवले. सकाळी पाहावं तर एक छान गुळगुळीत झालेला, दुसऱ्याच्या काचेआड पांढरट नक्षी उमटलेली, तिसऱ्यात वातीभोवती खड्डा पडलेला आणि चौथ्यात मेण जागोजागी काचेपासून सुटलेलं. पेटवल्यावर आणखी एक कोडं समोर येतं. एकीचा वास खोलीभर पसरतो, दुसरीचा मात्र नाक जवळ नेल्याशिवाय येत नाही.

घरी मेणबत्त्या करू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं आणि पहिला संशय मेणावर जातो. बहुतेक वेळा मेण निर्दोष असतं. अडचण अशी की ‘मेण’ म्हटल्यावर आपल्या मनात पॅराफिनची पांढरी, कडक मेणबत्ती येते आणि सोया वॅक्सनेही तसंच वागावं असं आपण धरून चालतो. सोया वॅक्स म्हणजे घट्ट केलेलं खाद्यतेल. त्याचं वागणं समजून घ्यायचं तर घरातल्या तुपाच्या बरणीकडे पाहावं. कढवलेलं तूप सावकाश निवालं तर छान रवाळ होतं. तेच तूप लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर रवा न धरता घट्ट बसतं. डिसेंबरात ते चमच्याने खरवडावं लागतं, मे महिन्यात आपोआप पातळ होतं. तूप तेच, पण ते कसं निवालं आणि हवा कशी होती यावर त्याचं रूप ठरतं. सोया वॅक्सचंही तसंच आहे, आणि पुढच्या सगळ्या युक्त्या यातूनच निघतात.

तेलाचं मेण कसं होतं

सोयाबीनचं तेल कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतं. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलच्या छोट्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. सोयाबीनच्या तेलात यातल्या बहुतेक साखळ्यांना मध्येच बाक असतो. वाकड्या साखळ्या एकमेकींना चिकटून, रांगेत बसू शकत नाहीत, म्हणून तेल गोठत नाही. निकेल धातूच्या बारीक भुकटीच्या सान्निध्यात तापलेल्या तेलातून हायड्रोजन वायू सोडला की हे बाक निघतात. सरळ झालेल्या साखळ्या शेजारी शेजारी दाटीने बसतात आणि तेलाचा घट्ट पदार्थ होतो. या क्रियेला हायड्रोजनीकरण म्हणतात.

ही क्रिया महाराष्ट्राला नवी नाही. जर्मन रसायनतज्ज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली द्रव तेलं घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. १९३०च्या दशकात मुंबईत शिवडीच्या कारखान्यात याच पद्धतीने वनस्पती तूप बनू लागलं आणि १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला. मेणबत्तीसाठी सोयाबीनचं तेल वापरायची कल्पना बरीच नंतरची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, सोयाबीन पिकवणाऱ्या आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावी मायकेल रिचर्ड्स यांनी मधमाशीच्या महागड्या मेणाला पर्याय शोधता शोधता सोया वॅक्स तयार केलं.

तेल किती घट्ट करायचं हे कारखान्याच्या हातात असतं. सगळे बाक काढले तर ७० अंश सेल्सिअसच्या जवळपास वितळणारा कडक, ठिसूळ पदार्थ मिळतो. त्यात मऊ भाग राखला किंवा मिसळला तर ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान वितळणारं, काचेला धरून राहणारं मेण होतं. म्हणजे ‘सोया वॅक्स’ हे एका मालाचं नाव नाही, त्या नावाखाली बरेच वेगवेगळे माल विकले जातात.

कोणतं मेण निवडावं

पहिला प्रश्न असा: मेणबत्ती पेल्यात राहणार की साच्यातून काढून उभी करायची? साच्यातली मेणबत्ती स्वतःच्या बळावर उभी राहते, म्हणून तिचं मेण कडक असावं लागतं आणि साच्यातून सुटण्यासाठी गोठताना थोडं आकसावंही लागतं. पेल्यातल्या मेणाकडून नेमकी उलट अपेक्षा असते. ते मऊ असावं, कमी आकसावं आणि काचेला चिकटून बसावं. साच्याचं मेण पेल्यात ओतलं की ते काचेपासून सुटणारच. पिशवीवर ‘कंटेनर’ लिहिलंय की ‘पिलर’, एवढं वाचलं तरी निम्मे घोटाळे टळतात.

दुसरा प्रश्न वितळण्याच्या तापमानाचा, आणि आपल्याकडे तो फार महत्त्वाचा. परदेशात लोकप्रिय असलेली पेल्यांची काही सोया मेणं ४६ ते ४९ अंशांना वितळतात. थंड देशात ते ठीक आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या उन्हाळ्यात बाहेरचा पारा ४५च्या घरात जातो, आणि उन्हात उभ्या टेम्पोतल्या खोक्यात त्याहूनही जास्त. वितळण्याच्या बऱ्याच आधी मेण मऊ पडतं आणि त्यात सामावलेलं सुगंधी तेल थेंबाथेंबाने वर येतं. म्हणून उन्हाळ्यात विकायच्या किंवा कुरिअरने पाठवायच्या मेणबत्त्यांसाठी ५० अंशांच्या वर वितळणारं मेण घ्यावं, किंवा मऊ मेणात मधमाशीचं मेण ५ ते १० टक्के मिसळावं. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, त्यामुळे मिश्रणाला बळकटी येते. मात्र मेण बदललं की वातही पुन्हा तपासून पाहावी लागते.

तिसरा प्रश्न शुद्धतेचा. ‘सोया ब्लेंड’ म्हणजे सोयात पॅराफिन, नारळाचं मेण किंवा आणखी काही मिसळलेलं असतं. मिश्रण वाईट नसतं, पुष्कळदा ते वापरायला सोपंच जातं. पण शुद्ध सोया म्हणून मिश्रण गळ्यात पडू नये. दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्या: हे किती अंशांना वितळतं, यात काय मिसळलंय आणि यात सुगंधी तेल किती टक्के चालतं. या तिन्हींची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याच्याकडून घ्यावं.

सोया निवडण्याची कारणंही नीट समजून घ्यायला हवीत. ते दरवर्षी उगवणाऱ्या पिकापासून बनतं, तर पॅराफिन खनिज तेलापासून. सोया मंद ज्योतीने जळतं आणि भांड्यावर सांडलं तर गरम पाणी-साबणाने निघतं. पण ‘सोयाला काजळी धरतच नाही’ हा दावा खोटा आहे. वात लांब राहिली किंवा वाऱ्याने ज्योत फडफडली की कुठल्याही मेणाची काजळी धरते.

पांढरी नक्षी, खड्डे आणि सुटलेली काच

ओतलेला पेला एकदा शेजारी बसून पाहावा. सुरुवातीला मेण फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं असतं. काही वेळाने काचेलगत धुरकट कडी उमटते, कारण मेण आधी कडेने निवतं. ही कडी आत आत सरकते. वरच्या बाजूला पातळ पापुद्रा धरतो आणि वातीभोवतीचा भाग सगळ्यात शेवटी पांढरा होतो.

कडी सरकते तेव्हा मेदाचे रेणू रांगा लावून स्फटिक बनवत असतात. एकच मेद वेगवेगळ्या रचनेचे स्फटिक बनवू शकतो. घाईत बनलेली रचना सैल आणि अस्थिर असते. पुढच्या दिवसांत, विशेषतः तापमान वरखाली झालं तर, रेणू हळूहळू जास्त स्थिर रचनेत सरकतात आणि मोठे, टोकदार स्फटिक वाढतात. त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला काचेआड पांढरी नक्षी दिसते. रवाळ तुपातले रवेही मेदाचे स्फटिकच असतात. ही नक्षी म्हणजे बिघाड नव्हे. तिच्यामुळे मेणबत्तीचं जळणं किंवा वास बिघडत नाही, उलट मेणात सोयाचा भाग भरपूर असल्याची ती खूण आहे. ती गडद रंगात उठून दिसते, म्हणून सोयाला फिके रंग शोभतात. नक्षी कमी हवी असेल तर मेण थोडं निववून, किंचित धुरकट होऊ लागताच ओतावं. तोवर त्यात बारीक स्फटिक तयार झालेले असतात आणि पुढचं गोठणं एकसारखं होतं.

खड्ड्याचं कारण वेगळं. गोठताना मेण आकसतं, आणि मधला भाग शेवटी गोठत असल्यामुळे तुटवडा तिथेच पडतो. वर पापुद्रा आधीच धरला असेल तर खाली पोकळी राहते. हेअर ड्रायरने वरचा थर वितळवला की पोकळी भरून निघते. मेण काचेपासून सुटण्यामागेही आकसणंच असतं. थंड, दमट किंवा तेलकट काचेवर मेणाची पकड नीट बसत नाही. म्हणून पेला धुऊन, कोरडा पुसून, हाताला कोमट लागेल इतपत गरम करून घ्यावा. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत ही काळजी जास्तच घ्यावी लागते. ओतल्यावर पेल्यांत दोन-तीन बोटांचं अंतर ठेवावं, पंखा आणि एसी बंद ठेवावा आणि पेले रात्रभर हलवू नयेत.

वास मेणात कुठे राहतो

सुगंधी तेलाचे रेणू मेणाच्या स्फटिकांमधल्या मऊ जागेत सामावतात, आणि या जागेला मर्यादा असते. बहुतेक सोया मेणांत वजनाच्या ६ ते १० टक्के तेल चालतं. वास वाढवायच्या हौसेने त्याहून जास्त ओतलं तर जादा तेल घामासारखं वर येतं. ते वात ओढून घेते आणि ज्योत धुरकट होते किंवा भडकते.

तेल नीट मिसळण्यासाठी मेणातले सगळे स्फटिक आधी विरघळलेले असावे लागतात. म्हणून मेण ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवून, गॅस बंद करून मग तेल घालतात आणि साधारण दोन मिनिटं सावकाश ढवळतात. जोराने फेटलं तर हवेचे बुडबुडे आत राहतात. बाटलीवर ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणून एक तापमान लिहिलेलं असतं. त्या तापमानाला तेल उडून जातं असा समज आहे. खरं तर त्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ. ते आकडे सुरक्षिततेसाठी असतात, म्हणूनही तेल घालताना आच बंद असावी.

मेणबत्ती गोठली की तयार झाली असं वाटतं, पण आतल्या स्फटिकांची जुळवाजुळव पुढे बरेच दिवस चालू असते. झाकण लावून आठवडा-दोन आठवडे ठेवलेली सोया मेणबत्ती पेटल्यावर चांगला वास देते. दुसऱ्याच दिवशी पेटवून ‘वासच नाही’ म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

तेल मेणबत्तीसाठीच बनवलेलं असावं. गुलाबपाणी किंवा खाण्याचे पाण्यातले रंग मेणात मिसळत नाहीत. पाण्याचा थेंब तळाशी बसतो आणि वात तडतडते. मेणखडूंमधली रंगद्रव्यं वातीत अडकून तिला चोंदतात. रंग हवा तर मेदात विरघळणारा मेणबत्तीचा रंग घ्यावा. व्हॅनिलाच्या वासाची तेलं व्हॅनिलिनमुळे मेणाला पिवळसर-तपकिरी छटा आणतात, तेव्हा पांढऱ्याशुभ्र मेणबत्तीत ती टाळावी.

जळतं काय? वात की मेण?

मेणबत्ती फुंकर मारून विझवा. वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाते. त्या रेघेला, वातीपासून थोडं वर, लगेच पेटती काडी लावा. ज्वाला रेघेवरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी मेणबत्तीवर मुलांसाठी दिलेल्या व्याख्यानांत हा प्रयोग दाखवला होता. ती रेघ म्हणजे मेणाची वाफ. जळते ती वाफच. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वितळलेलं मेण वातीच्या धाग्यांमधून वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती पेट घेते. मेणाचा पुरवठा आणि ज्योतीची भूक जुळवणं हे वातीचं काम.

वितळलेलं सोया पॅराफिनपेक्षा दाट असतं, त्यामुळे ते वातीत जरा कष्टाने चढतं. म्हणून त्याच पेल्यासाठी सोयाला बहुधा एक-दोन क्रमांक जाड वात लागते. वात बारीक असेल तर ज्योत मिणमिणते आणि मेण फक्त वातीभोवती वितळून खोल खड्डा पडतो. फार जाड असेल तर ज्योत उंच जाते, वातीच्या टोकाला काजळीची गाठ धरते आणि काच हात लावता येणार नाही इतकी तापते.

समईची वात चालेल का, असं बरेच जण विचारतात. ती चालत नाही. समईची वात जळत जाते तशी आपण ती पुढे सारतो आणि काजळी झाडतो. मेणबत्तीत हे काम वातीला स्वतःच करावं लागतं. १८२५ साली फ्रान्समध्ये काँबासेरेस यांनी विणलेली वात आणली. ती जळताना टोकाशी वाकते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या गरम भागात जातं आणि तिथे जळून राख होतं. हाताने वळलेल्या कापसात ही सोय नसते.

वात निवडताना पेल्याचा आतला व्यास मोजावा आणि वात विकणाऱ्याचा तक्ता पाहावा. तक्त्यावरून सुरुवात कुठून करायची ते कळतं, खरा निकाल पेटवल्यावरच लागतो. साधारण १० सेंटिमीटरहून रुंद पेल्यात एका वातीने भागत नाही, दोन किंवा तीन लावाव्या लागतात.

पेला कसा असावा

जाड, उष्णता सोसणारी काच किंवा स्टील-पितळेचं भांडं उत्तम. तोंड तळापेक्षा अरुंद असलेल्या भांड्यात उष्णता कोंडते. तडा गेलेली किंवा नाजूक काच तापून फुटू शकते. न भाजलेली किंवा चकाकी न दिलेली मातीची कुल्हडं मेण शोषून बाहेरून तेलकट होतात. नारळाची करवंटी दिसायला सुंदर असते, पण तीही मेण शोषते आणि स्वतः पेट घेऊ शकते, म्हणून ती टाळलेली बरी.

एका पेल्याचा हिशेब

मेणबत्तीत सगळं वजनाने मोजायचं, मापाने नाही. रिकामा पेला वजनकाट्यावर ठेवून जिथवर मेण हवं तिथवर पाणी भरा. समजा पाणी १८० ग्रॅम भरलं. सोया वॅक्स पाण्यापेक्षा हलकं असतं, त्याच जागेत साधारण नऊ-दशांश वजनाचं मावतं. म्हणजे १६२ ग्रॅम मिश्रण लागेल. त्यात १५० ग्रॅम मेण आणि त्याच्या ८ टक्के, म्हणजे १२ ग्रॅम सुगंधी तेल.

पेला पूर्ण कोरडा करून तळाशी मधोमध वात चिकटवा आणि कपड्याच्या चिमट्यात धरून सरळ उभी ठेवा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचं भांडं बसवा. थेट गॅसवर मेण ठेवू नका, तळाशी ते करपून पिवळं पडतं आणि भान सुटलं तर पेटही घेऊ शकतं. ८० ते ८५ अंशांना गॅस बंद करून तेल घाला, ढवळा, ५५ ते ६० अंशांपर्यंत निवू द्या आणि बारीक धारेने ओता. प्रत्येक मेणाचं ओतण्याचं उत्तम तापमान थोडं वेगळं असतं, ते दोन-तीन पेल्यांत सापडतं. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइपात गोठून ते नळी तुंबवतं. भांडं गरम असतानाच कागदाने पुसून घ्या.

पहिल्यांदा पेटवताना

पहिल्या खेपेला वितळलेलं मेण काचेच्या कडेपर्यंत पोचू द्यावं. साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाला एक तास, म्हणजे ७ सेंटिमीटरच्या पेल्याला तीन तासांच्या आसपास. आधीच विझवली तर कडेला न वितळलेल्या मेणाची भिंत राहते. पुढच्या खेपेला ज्योत त्या भिंतीच्या आत खाली खाली जाते आणि कडेचं मेण वाया जातं. मात्र सलग चार तासांहून जास्त जाळू नये, कारण तोवर वात आणि काच दोन्ही फार तापलेली असतात. दर वेळी पेटवण्यापूर्वी वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापावी.

घरच्या पेल्याची पहिली मेणबत्ती तळाशी सेंटिमीटरभर मेण उरेपर्यंत स्वतः जाळून पाहिल्याशिवाय कुणाला भेट देऊ नये किंवा विकू नये. वरच्या थरात शांत जळणारी वात तळाशी, काचेच्या कोंडीत, कशी वागते हे तेव्हाच कळतं. वहीत मेण, वात, तेलाचं वजन आणि ओतण्याचं तापमान लिहून ठेवावं आणि पुढच्या खेपेला यातली एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते समजत नाही.

चौकट: थोडक्यात

• पेल्यासाठी ‘कंटेनर’ मेण घ्या. उन्हाळ्यात ५० अंशांच्या वर वितळणारं.
• सुगंधी तेल वजनाच्या ६ ते १० टक्के. ८०-८५ अंशांना, आच बंद करून घाला.
• पेला कोरडा आणि कोमट. मेण ५५-६० अंशांना ओता, रात्रभर हलवू नका.
• पेटवण्यापूर्वी आठवडा-दोन आठवडे झाकून ठेवा.
• पांढरी नक्षी हा दोष नाही.
• वास येत नसेल तर आधी मुरायला दिलेले दिवस आणि वात तपासा, तेल नंतर वाढवा.
• तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की मेणबत्ती विझवा, त्याखाली जाळल्यास काच तडकू शकते.
• मेणाने पेट घेतला तर पाणी कधीच ओतू नका. आच बंद करून भांड्यावर झाकण ठेवा.